आळशी कोणास म्हणावे?

आळशी हा शब्द आपल्याकडे जितका सहज उच्चारला जातो, तितका विचार करून क्वचितच उच्चारला जात असेल. चोर म्हणण्यापूर्वी चोरी झाली की नाही एवढे तरी आपण पाहतो. लबाड म्हणण्यापूर्वी निदान एखादे खोटे बोलणे कानी पडावे लागते. परंतु आळशी म्हणावयास एखादे काम व्हावयाचे राहिले, एवढा पुरावा आपणांस पुरतो. ते का राहिले, करणाराने त्यासाठी किती धडपड केली आणि ती धडपड कोठे जिरली, हे विचारण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. वास्तविक आळस हा अंतःकरणाचा दोष आहे आणि काम न होणे ही बाहेरची घटना आहे. बाहेरच्या घटनेवरून आतला दोष ठरविणे हे अनुमान होय. ते प्रत्यक्ष नव्हे. हे अनुमान कितपत निर्दोष असते, याचा विचार आम्ही प्रस्तुत लेखात करणार आहोत. त्यासाठी आम्ही अशा एका आजाराचा आधार घेणार आहोत, की ज्यात मेंदूच्या व्यापारांत होणारे फेरफार आता यंत्राच्या साहाय्याने पाहता येतात, परंतु एका छपराखाली राहणाऱ्या माणसांस मात्र ते बहुधा दिसत नाहीत.

नाशिककरांस या अनुमानाचा एक जुना नमुना घराजवळच पाहावयास मिळतो. देवळालीस १८६१ साली इंग्रज सैन्याची छावणी बसली. नोकरीची मुदत संपलेल्या गोऱ्या शिपायांस विलायतेस परत पाठविण्यापूर्वी येथे आणून ठेवीत. परंतु त्यांना नेणारी जहाजे साधारणतः नोव्हेंबर ते मार्च एवढ्याच काळात सुटत. ज्याची मुदत चैत्रात भरली त्याला पुढचा सगळा उन्हाळा आणि पावसाळा काही कामधंदा नसता येथे काढावा लागे. त्यात कोणी दारूच्या नादी लागे, कोणास हिवताप भरे, कोणी वेड्यासारखे वागू लागे. अशा माणसास त्याचे सोबती ‘डूलॅली टॅप’ झाला, असे म्हणत. पहिला शब्द देवळालीचा अपभ्रंश आणि दुसरा आपला ताप. पुढे यांपैकी ‘डूलॅली’ एवढाच शब्द इंग्रजीत टिकला आणि डोके फिरलेल्या माणसास तो अजूनही लावतात. त्या शिपायांपैकी कोणाच्या डोक्यात ताप गेला होता, कोणास दारूने पोखरले होते आणि कोण नुसता रिकामपणाने कंटाळला होता, याची निवड त्या शब्दात नाही. तीन निराळ्या कारणांस एकच नाव ठेवले, आणि नाव ठेवल्यावर कारण शोधण्याची गरज कोणास उरली नाही. गाव मात्र फुकट बदनाम झाले. ज्या देवळालीस पारशी, गुजराथी मंडळी मुद्दाम हवापालटासाठी येत आली, तिचे नाव इंग्रजाने वेडास द्यावे, हा दैवदुर्विलासच म्हणावयाचा!

पारशी समाजाचा उल्लेख ओघात आला, तो पुढील विषयास सोयीचा आहे. ज्या आजाराविषयी आम्हांस लिहावयाचे आहे त्याचे नाव मल्टिपल स्क्लेरोसिस. मराठीत त्याला घरगुती नाव नाही. हा थंड देशांतला, गोऱ्या लोकांचा आजार, हिंदुस्थानात तो फार विरळा, असे आपल्याकडील वैद्यकात बरीच वर्षे मानीत. मुंबईतील डॉ. भरूचा, डॉ. वाडिया, डॉ. सिंघल प्रभृतींनी पारशी समाजाची पद्धतशीर पाहणी करून १९८८ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्या समाजात दर लाखामागे विसाहून अधिक रोगी आढळले. पुढे मेंदूची अंतर्चित्रे घेणारी एमआरआय यंत्रे शहरोशहरी आली, तसे इतर समाजांतलेही रोगी नजरेस येऊ लागले. जे नाही असे मानले जाते ते शोधण्यास कोणी जात नाही, आणि शोधले नाही म्हणून ते नाहीच ठरते. हा न्याय रोगांस लागू आहे तसा माणसांच्या दुःखासही लागू आहे.

रोगाचे स्वरूप थोडक्यात असे. मेंदू आणि मज्जारज्जू यांतील तंतूंवर मायलिन नावाच्या स्निग्ध द्रव्याचे वेष्टन असते. विजेच्या तारेवरील आवरणाशी त्याची तुलना नेहमी करतात, परंतु ती अपुरी आहे. कारण हे वेष्टन संदेशास जपते एवढेच नव्हे, तर त्याला वेगही देते. वेष्टन असलेल्या जाड तंतूतून संदेश सेकंदास पन्नास ते शंभर मीटर या वेगाने धावतो. मुळातच वेष्टन नसलेल्या बारीक तंतूतून तो मीटरभर, फार तर दोन मीटर सरकतो. बाहेरच्या रोगजंतूंशी लढण्यासाठी शरीराने जे सैन्य बाळगलेले असते, तेच या आजारात आपल्याच घराच्या वेष्टनावर तुटून पडते. ते जागोजाग झडते, तेथे कठीण वण राहतात आणि या अनेक वणांवरूनच रोगास त्याचे नाव मिळाले. वण कोठे पडला त्याप्रमाणे लक्षण निराळे. कोणाचा एक डोळा धुरकटतो, कोणाचे पाय बधिरतात, कोणाचा तोल जातो. झटका येतो, काही आठवड्यांनी ओसरतो, पुन्हा केव्हा येईल याचा नेम नसतो. बहुधा वयाच्या विशी ते चाळिशीत हा सुरू होतो, आणि पुरुषांच्या दुपटीहून अधिक स्त्रियांस होतो. २०२० सालच्या जागतिक गणनेप्रमाणे असे रोगी सुमारे २८ लाख होते. नव्या औषधांनी झटके कमी करता येतात. रोग मुळापासून जात नाही.

परंतु रोग्यांस सर्वांत अधिक छळणारे लक्षण यांपैकी कोणतेच नसते. ते म्हणजे थकवा. आणि थकवा या शब्दाशी आपली पहिलीच अडचण येते. शीण, दमणूक, भागणे हे आपले सारे शब्द श्रमाच्या मागून येणारे आहेत; आधी काम, मग शीण. या आजारातला थकवा कामाच्या आधी हजर असतो. रात्रभर स्वस्थ झोप लागून माणूस सकाळी उठतो तो चार कोस चालून आल्यासारखा. अशा अवस्थेस भाषेत शब्द नाही. उलट तिला नावे ठेवणारे शब्द मात्र भरपूर आहेत: कामचुकार, अंगचोर, ढोंगी, सुखासीन, नाटकी.

नाशकातील एका सुशिक्षित कुटुंबाची हकीकत आमच्या माहितीची आहे. घरात सासूबाई, मुलगा, सून आणि दोन नातवंडे. सून पदवीधर, वागणुकीने मोकळी, कामास वाघ. लग्नानंतर सातव्या-आठव्या वर्षी तिच्यात चमत्कारिक फरक पडला. वैशाखात घरोघर कुरडया होतात. गहू तीन दिवस भिजवून, वाटून काढलेला चीक उकळत्या पाण्यात घालून हाटावा लागतो आणि तो गरम असतानाच सोऱ्यातून पाडावा लागतो. पातेल्याशी उभी राहून दहा मिनिटे झाली, की या सुनेच्या डोळ्यांपुढे धूर येई, हातातला हाटा गळे, पाय कापू लागत. तिला ओसरीवर पंख्याखाली बसविले, की अर्ध्या तासात ती पुन्हा पहिल्यासारखी. ताप नाही, सूज नाही, रक्त तपासून काही निघत नाही. सासूबाई एकदा शेजारणीजवळ म्हणाल्या, “चीक चुलीवर चढला की हिला चक्कर, आणि कुरडया वाळवणाला पडल्या की ही ठणठणीत! असला शहाणा आजार आमच्या वेळी नव्हता हो.” ते वाक्य सुनेने आतून ऐकले.

सासूबाईंस आम्ही दुष्ट म्हणणार नाही. त्या बाईंनी जन्मभर ताप, कळा, बाळंतपणे अंगावर काढून रांधले होते, आणि आपल्या मापाने दुसऱ्याला मोजण्याचा दोष कष्टाळू माणसांतच अधिक असतो. शिवाय त्यांचे निरीक्षण चुकीचे नव्हते. आजार खरोखरच स्वयंपाकघरात येत होता आणि ओसरीवर जात होता. चूक होती ती निरीक्षणावरून काढलेल्या अनुमानात.

आपल्या नैयायिकांनी या चुकीचे नेमके स्वरूप सांगून ठेवलेले आहे. डोंगरावर धूर दिसला तर तेथे अग्नी आहे हे अनुमान खरे. परंतु अग्नी आहे तेथे धूर असणारच, हे अनुमान खोटे. त्याला त्यांचे नेहमीचे उदाहरण तापलेल्या लोखंडाच्या गोळ्याचे. तो लालबुंद असतो, हात लावाल तर भाजेल, आणि धुराचा मात्र मागमूस नाही. कारण धूर हा नुसत्या अग्नीचा परिणाम नसून ओल्या सरपणाचा आहे. ओले सरपण ही मधली अट. तिला ते उपाधी म्हणतात, आणि उपाधी लक्षात न घेता केलेले अनुमान त्यांच्या दृष्टीने दुष्ट ठरते. स्वयंपाकघरात काम असते हे सासूबाईंनी पाहिले. तेथे आचही असते, ही उपाधी त्यांच्या ध्यानी आली नाही. वेष्टन झडलेल्या तंतूतून संदेश जेमतेम पलीकडे पोहोचत असतो. शरीराची उष्णता अर्ध्या अंशाने जरी वाढली, तरी तो वाटेतच विझू शकतो, आणि अंग निवले की पुन्हा वाहू लागतो. जर्मन नेत्रवैद्य ऊथॉफ याने १८९० साली हा प्रकार नोंदविला; एमआरआय येण्यापूर्वी रोग्यास ऊन पाण्यात बसवून लक्षणे वाढतात की काय ते पाहण्याची रोगपरीक्षाही प्रचारात होती. त्या घरात हीच परीक्षा दर वैशाखात आपोआप होत होती. निदान होण्यास दोन वर्षे लागली. या दोन वर्षांत सर्वांत वाईट गोष्ट कोणती घडली असे आम्ही त्या बाईंस विचारले, तेव्हा त्यांनी सासूबाईंचे नाव घेतले नाही. त्या म्हणाल्या, “मलाच वाटू लागलं होतं, की मी नाटक करते.”

आता मेंदूच्या व्यापारांविषयी. लंडन येथे हॅलिडे, मॅक्डॉनल्ड आणि मुशिन या संशोधकांनी १९७२ साली एक सुरेख प्रयोग प्रसिद्ध केला. बुद्धिबळाच्या पटासारखी काळी-पांढरी घरे डोळ्यांपुढे उलटसुलट करीत राहावयाचे, आणि मेंदूच्या मागच्या भागात त्याची विद्युत्‌लहर केव्हा उठते ते डोक्याच्या कातडीवरून मोजावयाचे. निरोगी माणसात ती सेकंदाच्या सुमारे दहाव्या भागात उठते. ज्यांच्या नेत्रतंतूस या रोगाची झळ लागून गेली होती त्यांच्यात ती उशिरा उठे. आणि नवल हे, की दृष्टी पुन्हा स्वच्छ झाल्यावरही हा विलंब बहुधा तसाच राही. म्हणजे बाहेरून डोळा बरा, वाचन पूर्ववत, आणि आत प्रत्येक दृश्य उशिरा दाखल होत असे. ‘दिसते तर आहे सगळे, मग कुरकुर कशाची?’ या प्रश्नाचे उत्तर त्या विलंबात होते.

१९९० नंतर चालू मेंदूतील रक्तप्रवाहाचे फेरफार टिपण्याची युक्ती हाती आली. ज्या भागात काम वाढते तेथे ताजे रक्त अधिक धावते, आणि त्याचे चित्र यंत्रास घेता येते. ऑक्सफर्ड येथील संशोधकांनी २००० साली या रोग्यांस हाताची साधी हालचाल करावयास लावून अशी चित्रे घेतली. उजव्या हाताचे काम मुख्यतः डाव्या मेंदूने चालते, हे सर्वश्रुत आहे; परंतु या रोग्यांत त्याच क्षुल्लक हालचालीसाठी दुसऱ्या बाजूचा मेंदूही मदतीस धावलेला दिसला, आणि इजा जितकी मोठी तितकी ही मदत अधिक. पुढे २००८ साली अमेरिकेत न्यू जर्सी येथे आणखी एक प्रयोग झाला. चिन्हे आणि आकडे यांची जोडी जुळते की नाही ते पुनःपुन्हा सांगावयाचे, एवढेच काम. निरोगी माणसे सरावली तसतसा त्यांच्या मेंदूचा व्यापार मंदावत गेला, कारण सवयीने काम हलके होते. रोग्यांच्या मेंदूत मात्र काही भागांतील व्यापार वाढतच गेला. त्यांची उत्तरे थोडी सावकाश आली. अचूकपणात ती कमी नव्हती.

या प्रयोगाचे मर्म समजावयास फार दूर जावयास नको. नाशिकरोडला १९२५ पासून सरकारी मुद्रणालय आहे आणि १९२८ पासून नोटांचे. समजा, छापील कागद डोळ्यांनी तपासणारे दोघे कामगार शेजारी बसले आहेत. दोघांनी दिवसाअखेर सारखेच ताव तपासले, दोघांच्या चुका सारख्याच. पगारपत्रकावर दोघे समान. एकाने ते काम सवयीच्या उतारावरून गाडी सोडावी तसे केले. दुसऱ्याने तीच गाडी दिवसभर चढावर ढकलली. संध्याकाळी पहिला मित्रांबरोबर गप्पा मारीत घरी गेला आणि दुसरा बाकावर डोळे मिटून बसला. पाहणारा म्हणेल, काम तर दोघांचे सारखेच, मग हाच एवढा का मरगळला? फलावरून श्रम मोजण्याची आपली रीत येथे नुसती अपुरी पडत नाही. ती उलटा हिशेब करते. ज्याने अधिक खर्चले त्यालाच ती कमी प्रतीचा ठरविते. फळाकडे न पाहता कर्माकडे पाहण्याचा उपदेश आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे, परंतु तो आपण आपल्या मनःशांतीसाठी वापरतो. दुसऱ्याचे मोल करताना मात्र आपली नजर फळावरच असते.

येथे एक आक्षेप येईल तो असा. आळसही शेवटी मेंदूतच राहतो. मग मेंदूचे कारण दाखविले की सर्वांसच माफी द्यावी लागेल, आणि दोष असा कोणाचा उरणारच नाही. हा आक्षेप आम्ही हलका समजत नाही, पण तो येथे लागू पडत नाही. ज्याने प्रयत्नच केला नाही त्याचा मेंदू दाखवून त्याला सोडवा, असे आमचे म्हणणे नाही. जिने अधिक प्रयत्न केला तिची नोंद करा, एवढेच म्हणणे आहे. माफी अपराध्यास मागावी लागते. या माणसांचे मागणे असेल तर ते श्रेयाचे आहे, आणि श्रेय मागण्यासाठी दोष सिद्धान्तातून हद्दपार करावा लागत नाही.

मात्र हाती आलेल्या या चित्रांवर सगळा भार टाकण्याचा मोह आम्हांस आवरला पाहिजे. कारण ती चित्रे रक्ताच्या फेरफाराची आहेत, प्रयत्नाची नव्हेत. दुसऱ्या बाजूचा मेंदू खरोखर मदतीस धावला, की बांध फुटल्यामुळे पाणी नुसतेच शेजारच्या शेतात पसरले, याविषयी शास्त्रज्ञांतच मतभेद आहेत. रोग पुढे गेल्यावर हा वाढीव व्यापार पुष्कळदा ओसरतो असेही दिसते. तेव्हा त्या चित्रात श्रम कमी दिसतील, पण रोग्याचे श्रम कमी झाले असे कोण म्हणेल? साध्या एमआरआयची कथा तर याहून बिकट आहे. चित्रात वण पुष्कळ आणि माणूस हिंडता-फिरता; किंवा वण थोडे आणि माणूस अंथरुणास खिळलेला, अशी विसंगती वैद्यांच्या नित्य अनुभवाची आहे. थकव्याचा मेळ तर वणांच्या संख्येशी नीटसा बसतच नाही. नैयायिकांचा तो लोखंडाचा गोळा येथे पुन्हा आठवावा. आच आहे, धूर नाही. यंत्रास धूर दिसला नाही म्हणून आच नाही, असे जर वैद्यच म्हणू लागला, तर सासूबाईंनी स्वयंपाकघरात केलेली चूक त्याने दवाखान्यात केली, एवढाच फरक. आणि यंत्राच्या नावाने केलेली चूक अधिक भयंकर, कारण तिच्याविरुद्ध दाद मागावयास जागा राहत नाही.

मग उरते काय? नैयायिकांनी मानलेले चौथे प्रमाण उरते, शब्द. जे सांगावयाचे ते ज्याला साक्षात ठाऊक आहे आणि जसे आहे तसे सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. त्याचे वचन प्रमाण. भाष्यकार वात्स्यायनाने तर असे स्पष्ट म्हटले आहे की, हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांस सारखेच लागू आहे. म्हणजे आप्तपणास कुळ लागत नाही, विद्या लागत नाही. विषय साक्षात ठाऊक असणे आणि खरेपणा, एवढे दोन गुण लागतात. आता, माझे अंग उचलत नाही, या विषयाचे साक्षात ज्ञान रोग्यावाचून आणखी कोणास असणार? आपण मात्र आपल्या घरात चार्वाकाचे शिष्य होतो आणि डोळ्यांनी दिसेल तेवढेच मानतो. आप्त म्हणजे नातेवाईक, असाही एक अर्थ मराठीत रूढ आहे. जे आप्त म्हणवतात त्यांनीच आप्तवाक्य मानू नये, ही गंमत आमच्या भाषेतच पडून आहे.

या संदर्भात एका मोलकरणीची गोष्ट सांगण्याजोगी आहे. या रोगास स्वतंत्र रोग म्हणून १८६८ साली ज्याने ओळखले तो पॅरिस येथील सालपेत्रिएर रुग्णालयाचा प्रख्यात वैद्य शार्को. त्याच्या मृत्यूनंतर १८९३ साली त्याचा एके काळचा शिष्य फ्रॉइड याने जो मृत्युलेख लिहिला, त्यात ही हकीकत आहे. हाताच्या विलक्षण कंपामुळे एका बाईस कोठेही नोकरी टिकत नसे. ती धांदरट म्हणून जो तो तिला काढून टाकी. शार्कोने तिला आपल्या घरी ठेवून घेतले. तिने पुढील काही वर्षांत इतक्या बशा आणि ताटल्या फोडल्या, की त्यांच्या किमतीत छोटीशी दौलत उभी राहिली असती. त्याने तिला काढले नाही. अखेर ती वारली तेव्हा तिचे शव तपासून त्याने दाखवून दिले, की तिचा तो कंप म्हणजे या वणांच्या रोगाचेच बाह्य रूप होते.

ही गोष्ट वाचून प्रथम शार्कोविषयी आदर वाटतो आणि मग थोडी भीती वाटते. त्याने बशा फुटू दिल्या त्या दयेने की कुतूहलाने? फ्रॉइडने तिला मौजेची मोलकरीण म्हटले आहे. तिचे नाव त्याने दिलेले नाही. तिच्या बाजूने पाहिले तर इतरांनी तिला काढले आणि याने ठेवले, हाच फरक तिच्या पोटास पुरेसा होता. हेतूची चिकित्सा करण्याची चैन तिला परवडणारी नव्हती. पण आमचे लक्ष वेधते ते दुसऱ्याच गोष्टीकडे. पुरावा तिच्या मरणानंतर आला. शार्कोने जर आधी पुरावा आणि मग विश्वास असा क्रम ठेवला असता, तर विश्वास ठेवण्यासाठी तिच्या मरणाची वाट पाहावी लागली असती. त्याचा हेतू कसाही असो, त्याने बशांचा खर्च आधी सोसला. आज जिवंत माणसाच्या मेंदूचे चित्र अर्ध्या-पाऊण तासात मिळते; तेव्हा वाट पाहण्याचा काळ आखूड झाला खरा, परंतु आधी काय आणि मागून काय, हा प्रश्न जेथल्या तेथे आहे.

यावर कोणी म्हणेल, की प्रत्येकाच्या शब्दावर विश्वास ठेवू लागलो तर ढोंग्यांचे फावेल. फावेल, यात शंका नाही. सरकारास म्हणूनच मोजमाप करावे लागते. १९९५ च्या अपंगांविषयीच्या कायद्यात सात प्रकार होते; २०१६ च्या कायद्याने ते एकवीस केले आणि त्यांत मल्टिपल स्क्लेरोसिसचे नाव प्रथमच आले, ही समाधानाची गोष्ट. परंतु राखीव जागा वगैरे मुख्य सवलतींसाठी शेकडा चाळीस अपंगत्वाचा दाखला लागतो. पाय किती वाकतो, डोळ्यास किती दिसते, हे शेकड्यात मांडता येते. पहाटेचा थकवा शेकड्यात मांडावा कसा? तेथे सरकारी वैद्याचीही पंचाईत आहे. सार्वजनिक पैशाचा हिशेब त्याला द्यावयाचा असतो, म्हणून त्याने पुरावा मागितला तर तो त्याचा धर्म. घर ही कचेरी नव्हे. घरात एखाद्या ढोंग्यावर विश्वास ठेवला तर चार कुरडया कमी होतील. खऱ्या रोग्यावर अविश्वास दाखविला तर काय होते, ते त्या सुनेने आम्हांस सांगितलेच आहे. दोन्ही चुकांची किंमत सारखी नाही, आणि घरातल्या माणसाने कोणती चूक पत्करावी हे ठरविण्यास त्यामुळे फार वेळ लागू नये. महाराष्ट्रातील बहुतेक वैद्यांस पदवी देणारे आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून नाशकातच आहे. तेथून बाहेर पडणारा तरुण वैद्य यंत्राचे चित्र वाचावयास उत्तम शिकलेला असतो, यात वाद नाही. चित्र कोरे असताना समोरच्या बाईचे म्हणणे पुरे होईपर्यंत ऐकावयास तो शिकला आहे की नाही, हे त्याच्या रोग्यांसच ठाऊक.

शेवटी एक अडचण सांगितलीच पाहिजे, कारण ती आमच्याच विवेचनातील आहे. स्वतःच्या थकव्याविषयी रोगी हाच आप्त, असे आम्ही म्हटले. परंतु त्याला तरी नेहमी कळते काय? त्याच बाईंनी आम्हांस सांगितले, की काही सकाळी अंग उचलत नाही ते आजाराने की निव्वळ कंटाळ्याने, हे त्यांचे त्यांनाही उमगत नाही. औषध चालू आहे. आता चीक सासूबाई पहाटे गारव्यात शिजवतात आणि सोऱ्या सुनेकडे असतो. घरात कोणी काही बोलत नाही. पण आपण आज आडवे झालो ते खरोखर रोगामुळे की नाही, याचा झाडा त्या स्वतःच स्वतःकडून घेत बसतात. आम्हांस वाटते, तो झाडा त्यांच्याकडून कोणीही, त्यांनी स्वतःदेखील, मागू नये. आम्ही धडधाकट माणसे रविवारी दुपारी पुरणपोळी खाऊन ताणून देतो, तेव्हा आम्हांस कोणी कारण विचारीत नाही. रोग जडला म्हणून त्या बाईंचा एवढा हक्क काढून घेतला जाण्याचे कारण आम्हांस दिसत नाही. गेल्या पौषात त्या एकदा सबंध दुपार कादंबरी वाचीत लोळल्या होत्या, आणि सासूबाईंनी काळजीने विचारल्यावर, बरे वाटत नाही, असे त्यांनी सांगितले. आम्हांस हे सांगताना त्या हसत होत्या. त्या दिवशी त्यांस अगदी बरे वाटत होते.